चाळीस पावसाळ्यांची काळी

पौषातले ऊन या माळावर उतरते तेव्हा त्याला टेकायला झाड मिळत नाही. ते थेट गवतावर येते. सोनसळी, शिणलेल्या, गुडघाभर गवतावर. आणि गवत एका अंगाला कलते, एका अंगाला कललेलेच राहते, जसे कुणीतरी त्याच्या पाठीवरून हात फिरवत फिरवत दूर निघून गेले आहे.

एका बाजूला नीरा. दुसऱ्या बाजूला भीमा. दोघींच्या मधे हा माळ, आणि दोघींपैकी एकीलाही त्याचे नाव ठाऊक नाही.

बोटभर.

वर बोटभर माती आहे. वाऱ्याने आणलेली, वाऱ्यानेच विसरलेली. तिच्यात पवन्या गवताची मुळे आहेत, बारीक, पांढुरकी, एकमेकींच्या गळ्यात गळा घालून बसलेली. ती आहेत म्हणून माती आहे. माती आहे म्हणून ती आहेत. यातले आधी कोण आले हे सांगायला त्या काळचे कुणी उरले नाही.

वीतभर.

वीतभर खाली मुरूम लागतो. तांबूस, करकरीत, मुठीत धरावा तर मुठीतून गळणारा. त्यात चुनखडीचे पांढरे खडे. पाणी त्याच्यात थांबत नाही. ढग इथवर येतात ते दुसरीकडे बरसून हलके झालेले. देतात ते उरलेले. आणि ते उरलेलेही मुरमातून खाली, खाली, खडकाच्या बंद ओठांपाशी निघून जाते. ज्वारीला ते पुरत नाही. बाजरी डोके काढते आणि आठवड्यात मान टाकते. गवताला मात्र पुरते. उतारावर पवन्या, उघड्या माथ्यावर कुसळी, ओघळीच्या काठाने मारवेल. ज्याची त्याची जागा, ज्याची त्याची तहान.

गरीब माती म्हणतात हिला, ज्यांनी हिच्याकडे गवत सोडून दुसरे काही मागितले त्यांनी.

माळाच्या उगवतीला पत्र्याचे एका खोलीचे घर आहे. त्यात ठकूबाई कोळेकर राहते. वर्षातले चार महिने माणसांत. आठ महिने एकटी.

पूर्वी ती कुठेच राहत नसे. धनगराची सून; घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबडी, कोंबडीशेजारी तान्हे पोर. दिवाळी झाली की मेंढरांमागे घाट उतरायचा, ज्येष्ठ लागला की घाट चढून या माळावर यायचे. घर तिच्या पुढे चालत असे आणि ती घराच्या मागे. पाच वर्षांपूर्वी घाटातल्या ओल्या वळणावर तिचा पाय सरला, खुबा मोडला. तेव्हापासून मेंढरे जातात. दीर बिरू जातो, मुलगा जातो, सून जाते, सुनेच्या कडेवरची नात जाते. ठकूबाई दारात उभी राहते. घंटांचा आवाज विरेपर्यंत उभी राहते, आवाज विरल्यावर धूळ खाली बसेपर्यंत उभी राहते. मग आत येते आणि एका भाकरीचे पीठ मळते.

ज्येष्ठात ती परत येतात.

आपल्यासाठी येतात असे ठकूबाई कधी म्हणाली नाही. ती गवतासाठी येतात. गवत आहे म्हणून कळप वळतो, कळप वळतो म्हणून माणसे वळतात, माणसे वळतात म्हणून चार महिने या दारात कुणीतरी तिला विचारते, की आई, मीठ कुठाय.

पलीकडचा बोरजाईचा माळ तीन वर्षांपूर्वी नांगरला. त्या ज्येष्ठात तिकडचे कळप आले, ढेकळांच्या कडेला उभे राहिले, आणि उभ्या उभ्याच वाट बदलून गेले. पुन्हा आले नाहीत. त्यांची एक म्हातारी तिथे राहिली होती, ठकूबाईची मावसबहीण. ती अजून आहे. बोलत नाही फारशी.

दर बाजाराच्या दिवशी बिरूचा फोन येतो. कोकणातून, कुठल्या तरी भाताच्या खाचरातून, वाऱ्यातून.

"वैनी, गवात हाय का उभं?"

"हाय."

"कितीक?"

"गुडघ्याला लागतंय."

"मग येतूच." आणि थोडे थांबून, "पाय कसा हाय?"

आधी गवत, मग पाय. ठकूबाईला त्यात काही वावगे वाटत नाही. गवत ठीक असले की पाय ठीकच असतो.

त्या पौषी सकाळी जीप आली.

जीपमधून माती तपासणारा सरकारी माणूस उतरला. टेंभुर्णे त्याचे नाव; पन्नाशीचा, वर्ध्याकडचा, उन्हाने करपलेला, खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, ॲसिडची छोटी कुपी आणि रंगांच्या चौकोनांची एक वही. मागून कुदळ-फावडे घेऊन गावातला म्हादा गडदे, तिच्या ओळखीचा.

"आत्या, साहेब मातीची कुंडली मांडाय आल्यात," म्हादा म्हणाला. "लगीन कुणासंगं लावायचं त्ये मागनं ठरंल."

ठकूबाई हसली. हसताना तिला जाणवले की गेल्या कित्येक दिवसांत तोंडाची ही बाजू हललीच नव्हती.

टेंभुर्णेला या माळावर एक खड्डा घ्यायचा होता. नियम असा, की खड्डा असा घ्यावा ज्यात सगळा माळ दिसेल. पण माळ अफाट होता, तो चार दिवस असेच खड्डे बघत फिरत होता, आणि दारात एक म्हातारी उभी होती जिचे उभे आयुष्य इथे गेले होते. त्याने नियमाऐवजी तिला विचारले.

"माय, इथं नाव घ्यावं अशी माती कुठं हाय वं?"

नाव घ्यावे अशी.

दारात येऊन तिला कुणी काही विचारून किती दिवस झाले होते. पाहुणा दारात आला, त्याने घरातले चांगले काय ते दाखव म्हटले; तिने काठी घेतली आणि पाहुण्याच्या पुढे चालू लागली. खुब्यातून कळ उठत होती, कळीतून ती चालत होती. गवत तिच्या लुगड्याला कुसळे लावत होते, अडवल्यासारखे. तिने कुसळे झाडली नाहीत. अडवणे तिला कळले नाही.

"ह्ये बगा."

मेंढरे बसायची ती जागा. चाळीस पावसाळे. रोज संध्याकाळी चरून आलेला कळप या एका वर्तुळात बसायचा. अंगाला अंग, श्वासाला श्वास, ओली लोकर, मिटलेले डोळे. आणि पहाटे उठून जायचा. जाताना रात्रीची लेंडी, रात्रीचे मूत, रात्रीची ऊब खाली ठेवून जायचा. जागा तिच्या कारभाऱ्याने निवडली होती, ती सून होऊन आली त्या साली. आता पौषात, जेव्हा सगळा माळ पिवळा, तेव्हाही इथले गवत बुडाशी हिरवे होते. माळाच्या कपाळावर हिरवा गोल.

म्हादाने कुदळ उगारली.

हातभर.

काळी.

आणखी खाली. काळी.

दीड हात. काळी, मऊ, घट्ट, तुकतुकीत.

टेंभुर्णे खड्ड्याच्या काठावर बसला आणि त्याचे तोंड बदलले. चार दिवस तो मुरूम बघत होता, खडे बघत होता, चुनखडीवर ॲसिडचे थेंब टाकून फेस बघत होता. आणि आता काळी. त्याच्या आईच्या वावरातली काळी. पावसाळ्यात चप्पल ओढून घेणारी, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा उघडणारी, कापसाला छातीशी धरणारी काळी. सोळा वर्षे तो बदल्यांमागे फिरत होता. घरी वावर होते, वावरात आता कुणी नव्हते. त्याने ढेकूळ उचलले, बाटलीतले दोन थेंब त्यावर टाकले, मळले, आणि अंगठा व तर्जनी यांच्यातून त्याची फीत काढू लागला. खऱ्या काळीची फीत लांब येते. बोटाएवढी, दोन बोटांएवढी, लोंबत राहते.

फीत नखाएवढी आली आणि तुटली.

त्याने पुन्हा मळले. पुन्हा तुटली.

"वाळली हाय," तो स्वतःशीच म्हणाला, "वाळली की तुटते." आणि रंगांच्या वहीतला सगळ्यात गडद चौकोन काढून ढेकूळ त्याच्याशेजारी धरले, जसा एखादा परगावी भेटलेल्या अनोळखी माणसाशी बळेच नाते काढतो.

कागदावर उतरले:

रंग, काळा.
खोली, दीड हातापेक्षा जास्त.
योग्यता,

"माय, सोनं हाय हे. या मुलखात अशी काळी पाहीन असं वाटलंच नोतं." त्याचा आवाज खराच आनंदाचा होता. "आता हा माळ असा पडून नाही ऱ्हात. कागद गेला की दोन वर्षात नांगर लागते इथं."

नांगर.

ठकूबाईने आजूबाजूला पाहिले. माळ होता तिथेच होता. वारा होता तिथेच होता. फक्त सगळ्याच्या कडेला तिला बोरजाईची ढेकळे दिसू लागली.

"आन् गवात?"

"गवत कायले लागते मग? कपाशी होईन. तूर होईन."

"सगळ्या माळावर?"

"सगळ्या. हा एक खड्डा म्हणजे सगळा माळ, कागदावर. खोल काळी निघाली तर लागवड. वीतभर मुरूम निघाला असता तर कुरण म्हणून ठेवला असता, जसा हाय तसा."

म्हणजे तिने दाखवले. तिनेच. पाय ओढत, पुढे होऊन, माळ ज्यात दिसत नव्हता तीच जागा माळ म्हणून दाखवली. मिरवायला म्हणून घरातली एकच नथ पाहुण्यापुढे काढावी, आणि पाहुण्याने घरभर तसेच सोने असेल असे धरून चालावे. पुढच्या ज्येष्ठात नाही, त्याच्या पुढच्या ज्येष्ठात बिरू विचारेल, वैनी, गवात हाय का उभं? आणि ती फोन कानाशी धरून

काय सांगेल?

तिने काठी खाली टाकली. खड्ड्याच्या काठावर बसली, मोडला पाय आधी सोडला, मग धड पाय, आणि म्हादा "आत्या, आगं आत्या" म्हणत असताना दीड हात खोल उतरून भिंतीसमोर गुडघ्यांवर बसली.

"साहेब, ही माती न्हाई."

"माती नाही तर काय साखर हाय?" म्हादा म्हणाला; पण तिचे तोंड बघून त्याने हसू गिळले.

"ही आमची मेंढरं हायती."

मग तिने खड्ड्याच्या भिंतीवर बोट ठेवले आणि वाचू लागली. तिला अक्षर येत नव्हते. पण ही पोथी तिच्यासमोरच लिहिली गेली होती. हे वरचे, भुसभुशीत, सरल्या पावसाळ्याचे. ही राखेची फिकट रेघ, त्या साली झड लागली होती आणि चूल कळपातच मांडली होती. ही बारीक, तांबूस, दोऱ्यासारखी, ही दुष्काळाची. मेंढरे पंधरा दिवस बसली आणि उठून पाण्यामागे गेली. हा जाड थर, एका वर्षाचा, त्या वर्षी जुळी कोकरे झाली होती, एकीला नाही, दोघींना नाही, अर्ध्या कळपाला. हे पांढरे, काडीसारखे, हे गारपिटीत गेलेल्या कोकराचे हाड. तिने स्वतः पुरले होते.

एका ठिकाणी तिचे बोट थांबले.

"ह्या साली कारभारी गेलं," ती म्हणाली.

त्या सालचा थर दुसऱ्या सालांएवढाच होता. ना जाड, ना पातळ. मेंढरे तेव्हाही रोज येऊन बसली होती.

टेंभुर्णे ऐकत होता, पण पेन हातात होते. "माय, मेंढ्या बसल्या म्हणून खत झालं असंन वरवर. खाली तर काळीच हाय नं."

"पानी आन."

त्याने बाटली दिली. तिने ती भिंतीवर ओतली. वरपासून खालपर्यंत, हळू, जसे देवाच्या टाकाला न्हाऊ घालतात. पाणी थरांवरून उतरले, थरांत शिरले, आणि थरांतून बाहेर आला

वास.

ओल्या लोकरीचा. लेंडीचा. मुताच्या उग्र, उबदार, नाकात चढणाऱ्या वाफेचा. दुधाळ आचळांचा, ओल्या कांबळ्यांचा, झडीच्या रात्री दोनशे अंगांनी मिळून सोडलेल्या एका श्वासाचा. दिवाळीपासून तिने तो घेतला नव्हता. तो आला आणि खड्डा भरला, आणि क्षणभर सगळा कळप तिथे होता, तिच्या मांडीला, पाठीला, मानेला लागून. दाटीवाटीने, न बघता, न बोलता. क्षणभर ती एकटी नव्हती.

मग पाणी मुरले. वास पातळ झाला. भिंत नुसती ओली राहिली.

टेंभुर्णेने नाकाला हात लावला नव्हता. तो तसाच वाकून होता. मग त्याने बोटांत धरलेले ते ढेकूळ परत मळले. फीत नखाएवढी आली. तुटली. त्याने रंगांची वही मिटून पिशवीत टाकली.

"कड पाहा लागंन," तो म्हणाला. "काळी कुठं संपते ते दिसलं पाहिजे. चर मारून. नाही तर मी खोडलं तरी वरचे इचारतीन, कायच्यावरून खोडलं."

चर म्हणजे मधल्या खड्ड्यापासून बाहेरपर्यंत. बसायच्या जागेच्या पोटातून.

म्हादाने फावडे टेकवले. "आत्या, मेंढरांच्या वाड्याची जागा हाय. तुझ्या मालकानं धरल्याली. म्या न्हाई बा."

ठकूबाई खड्ड्यातून बाहेर आली होती. काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. ऊन तिच्या तोंडावर होते. ज्या एका गोष्टीला ती स्वतःची म्हणू शकत होती, तिला कापा असे तिनेच म्हणायचे होते. आणि ती कापल्यावर जे दिसेल त्यावर बोट ठेवून, हे आमचे, हा माळ नव्हे, असे तिनेच सांगायचे होते.

"खण," ती म्हणाली.

म्हादा खणत गेला. काळ्यातून काळे, पावसाळ्यातून पावसाळा. प्रत्येक घावासरशी एक वर्ष मोकळे होऊन बाजूला पडत होते आणि दुसऱ्या वर्षात मिसळत होते. दुष्काळ सुकाळात, कोकरांचे साल गारपिटीच्या सालात. आता पुन्हा वाचायचे म्हटले तरी वाचता येणार नव्हते. ती बघत राहिली. चौदा पावले. चौदाव्या पावलावर कुदळीचा आवाज बदलला. मऊ होता तो करकरला, ठिणगी उडाली.

आणि तिथे काळी संपली. हळूहळू नाही, विरत विरत नाही. तव्यावर भाकरीची कड संपते तशी. अलीकडे काळे, पलीकडे तांबूस. पलीकडे बोटभर माती, वीतभर मुरूम, चुनखडीचे खडे, त्यावर थेंब टाकताच फसफसून आलेला फेस. काळ्याच्या खालीही तेच, तोच मुरूम, तसाच करकरीत. माळ जसा होता तसा. चाळीस वर्षे तो खाली निमूट बसून होता.

टेंभुर्णे चरात उतरला. एक पाय काळ्यात, एक पाय मुरमात.

"माह्यंच चुकलं," तो म्हणाला. "काळं पाहिलं नं, घरच पाहिलं मी."

त्याने कागदावरच्या तिन्ही ओळींवर आडवी रेघ मारली. जुनी अक्षरे रेघेखाली दिसत राहिली. मग चौदा पावलांच्याही पुढे, उघड्या पिवळ्या माळावर जाऊन, नवा खड्डा घेतला, आणि मांडीवर कागद धरून, प्रत्येक शब्द उच्चारत, म्हातारीला ऐकू जाईल असा लिहिला:

"रंग, तांबूस. खोली, वीतभर. खाली मुरूम, चुनखडी. पाणी थांबत नाही." थांबला. "योग्यता, गवत. नांगर लावू नये."

"आसंच लिवलंय न्हवं?" ठकूबाईने म्हादाला विचारले.

म्हादाने वाकून, अक्षरे लावून वाचले. "आसंच लिवलंय, आत्या. खाली सही बी केली."

जीपकडे जाताना टेंभुर्णे मागे वळला. जरा लाजला. "माय, यातलं ढेकूळभर नेऊ काय? काळं."

"लेंड्या नेतूस व्हय रं घरी?"

म्हादा हसला, टेंभुर्णे हसला, आणि हसता हसता त्याने ढेकूळ रुमालात बांधले. त्याच्या बायकोला तो काय सांगणार होता कोण जाणे.

म्हादा चर बुजवायला थांबतो म्हणाला. तिने नको म्हटले. ज्येष्ठाला पाच महिने होते. पाच महिने रोज थोडे थोडे लोटता येईल. तेवढेच हातांना काम. कळप येईल तेव्हा बसायला जागा सपाट हवी. ती वरून सपाट होईल. आतली वर्षे मात्र आता कशीही पडतील.

जीप गेली. धूळ उठली, धूळ बसली. ठकूबाई मातीच्या ढिगाऱ्याच्या कडेला पाय लांब करून बसली. अजून हाताला वास येत होता. ती हात नाकाशी नेई आणि पुन्हा मांडीवर ठेवी. पुन्हा नेई. उन्हे कलली तसा तोही उणावत गेला.

आणि मग, उत्तरेच्या बाजूने, ती आली.

भोवत्या. लांब पंखांची, राखाडी, हिवाळ्यापुरती येणारी पाखरे. बर्फाचे डोंगर ओलांडून, किती नद्या, किती गावे ओलांडून आलेली. आधी एक, मग तीन, मग आकाशाच्या कडेने विखुरलेली पुष्कळ. आवाज नाही. पंख पसरून, वाऱ्यावर कलंडत, गवताच्या शेंड्यांना पोट लावीत ती माळावर फिरू लागली. तांबड्या उजेडातून राखाडी फेरे, फेऱ्यांत फेरे. ही पाखरे जमिनीवर निजतात. त्यांना फक्त असे गवत लागते जे कुणी कापलेले नाही.

एक उतरले. गवत हलले, थांबले.

दुसरे उतरले. गवत हलले, थांबले.

ठकूबाई हलली नाही. दहा हातांवर एक उतरले, तरी ती हलली नाही. उजेड विटत गेला, फेरे उणे होत गेले, आणि शेवटचे पाखरू शेवटचा फेरा अर्ध्यात सोडून खाली आले. मग एकही दिसेना. नुसते गवत. वारा आला, गवत वाकले. वारा गेला, गवत उभे राहिले. आणि त्याच्या पोटात, न दिसणारी, न बोलणारी, मातीला ऊर टेकून निजलेली, दूरची पाखरे.